आभाराच्या मिस्सेत श्यामराव

"मी नसतो ना, तर निर्मल फादर झालाच नसता!"

हे वाक्य श्यामरावांनी त्या आठवड्यात दूधवाल्यापासून महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. आणि ते खरंच होतं! शेजारच्या निर्मल गोम्सला पाद्री व्हायचं होतं, बापाने त्याला घरात कोंडलं होतं. तेव्हा परसातली भिंत तो उतरला तो श्यामरावांच्या खांद्यावर पाय देऊन. तो खांदा अजून दुखतो.

आता निर्मलच्या पाद्रीपणाचा सुवर्णमहोत्सव होता. कोलकात्यातल्या ज्या जुन्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथेच आभाराची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होती.

"त्याने बोलावलंय का तुम्हाला?" शकुनताईंनी विचारलं.

"व्हॉट्सअॅपवर आलंय, सर्वांनी यावे! सर्वांत मी आलोच की! बघ तू, माझं नाव घेईल."

"तुम्ही जा बाई. माझे गुडघे काही चालू देत नाहीत. येताना प्रसाद तेवढा आणा."

श्यामराव इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या बाकावर बसले. फादर निर्मल प्रवचनाला उभे राहिले. त्यांनी आईचे आभार मानले, शाळेतल्या सिस्टरचे मानले, घंटा वाजवणाऱ्याचेही मानले. मग भिंतीची गोष्ट आली. श्यामरावांनी कॉलर सारखी केली.

"भिंतीवरून उतरलो आणि पाय लटपटले," फादर बंगालीत म्हणाले. "परत फिरणार, तोच शेजारचा कुत्रा अंगावर आला! बाघ्या त्याचं नाव. पळत सुटलो तो थेट सेमिनरीत, पाद्र्यांच्या शाळेत! देवानेच त्याला पाठवलं होतं."

चर्चभर हशा पिकला. बंगाल्यांचा बाघ्या म्हणजे वाघ्या, श्यामरावांचाच कुत्रा! कुत्र्याला देवाने पाठवलं, आणि खांदा काय आपोआप उगवला होता?

निदान प्रसाद तरी न्यावा, म्हणून ते रांगेत शिरले. हातावर पांढरी चकती पडली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि रुमालात बांधून खिशात घातली.

"दादा, ओटा एखानेइ खेते होय!" ते इथेच खायचं असतं, असं सांगत एक स्वयंसेवक धावला.

"बायकोसाठी आहे हो. तिचे गुडघे दुखतात!"

"घरी नेत नाहीत, दादा!"

"प्रसाद घरी न्यायचा नाही? हा कुठला नियम?"

गाणारे थांबले. लोक माना वळवून बघू लागले. शेवटी खुद्द फादर खाली उतरून आले. त्यांनी हलक्या हाताने रुमाल सोडला, चकती परत घेतली आणि विचारलं, "दादा, आपण कोण?"

"निर्मल, अरे मी श्याम!"

"कोण श्याम?"

खांद्याची आठवण करून द्यायला श्यामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पुटपुटले, "वाघ्याचा मालक."

फादरचा चेहरा एकदम उजळला. "ओ! बाघ्या! बाघ्या केमोन आछे?"

वाघ्या कसा आहे म्हणे! त्याला जाऊन एक जमाना झाला होता.

"भालो आछे," श्यामराव म्हणाले. एवढ्या लोकांत 'बरा आहे' याखेरीज आणखी काय सांगणार?

घरी शकुनताई दारातच बसल्या होत्या. "प्रसाद?"

"संपला."

"बरं, निर्मल बोलला का? नाव घेतलं?"

श्यामरावांनी झब्बा खुंटीला टांगला.

"बोलला तर! सगळ्यांदेखत खाली उतरून आला. आपल्या घरच्यांची नावानिशी चौकशी केली."