माय आणि एन्झाइम

कांबळे सर हातात हात देत नसत, पेरू देत. तुम्ही नमस्कार करायच्या आत तळव्यावर पेरू ठेवत आणि तुमच्या बोटांकडं टक लावून बघत. "बघा, बघा! पेरू यायच्या आधी पंजा असा होता का? न्हाई. पेरू आला, पंजा वळला. एन्झाइम हेच करतं!" पेरू मग परत घेत. पहिल्या दिवशी मी तो खाऊन टाकला, त्यामुळं आमची ओळख जरा कडूच झाली.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्याच्या दप्तरी राहिला असावा. मी नांदेडहून कॉलेजात नवा लागलो होतो. पहिल्याच तासाला फळ्यावर झोकात कुलूप काढलं, चावी काढली. एन्झाइम म्हणजे कुलूप, ते ज्या रेणूवर काम करतं तो चावी!

माझा तास ऐकायला मागच्या बाकावर बसलेले कांबळे सर उठले. "देशपांडे, चावी आली म्हणून कुलूप कधी अंग आवळतं का? एन्झाइम लोखंडाचं न्हाई. बरोबरचा रेणू आला की ते त्याच्याभवती वळतं, मिटतं, मग कामाला लागतं."

"आणि चुकीचा आला तर?" मी विचारलं.

"येऊ द्या की. साखर धरणारं एक एन्झाइम हाय. त्याच्या खोबणीत पाणी बी मावतं. पण पाण्यासाठी ते तसं मिटत न्हाई. साखरेसाठीच मिटतं."

पाण्याला कुणी भाव देत नाही, हे त्या उन्हाळ्यात लातुरात कुणाला पटणार? पोरं खो खो हसली. मी मात्र थक्क होऊन सरांचा पंजा बघत राहिलो. डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट तिथं उघडत होती, मिटत होती.

पेरूचं खरं कारण त्यांच्या घरी कळलं. त्यांच्या मायला लकवा मारला होता. उजवा हात खाटेवर उताणा, उघडा पडलेला. मूठ वळू लागली तर हात परत येईल, नाहीतर आशा सोडा, असं डॉक्टर म्हणाले होते. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात ही दोघंच. रोज संध्याकाळी सर त्या तळव्यावर काहीतरी ठेवत. पेरू, बांगडी, भाकरीचा तुकडा. मग गुडघे टेकून बोटांकडं बघत बसत.

"तिचा रेणू काय सापडंना, देशपांडे."

माझ्या अंगात विज्ञान संचारलं. शेजारच्या काकूंना विचारलं, माय पूर्वी काय करायच्या?

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली की तिनं! मुकादम डोक्यावर उभा, सुट्टी होईस्तोवर हातोडी सोडायची सोय नव्हती. त्याच्यावरच तर सर शिकले."

मी तडक नव्या सरकारी कचेरीच्या बांधकामावर गेलो आणि तिथल्या एका बाईकडून खडी फोडायची हातोडी मागून सरांच्या घरी आणली. आणता आणता मनगट लचकलं, हे सरांना सांगितलं नाही.

हातोडी बघून सरांचा चेहरा उतरला. "तुमचा पंजा खडूपुरता घडलाय, देशपांडे. हे तिच्या हातून सुटावं म्हणून मी शिकलो. आन् तुम्ही तेच घेऊन आलात?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हातोडी लपवायला गेलो, तर लचकलेल्या मनगटानं दगा दिला. ती खाटेवर पडली आणि दांडा अलगद मायच्या तळव्यावर टेकला.

करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग चारी बोटं दांड्याभोवती वळत गेली, आणि शेवटी अंगठा वरून येऊन घट्ट बसला. इतके महिने सर ज्याची वाट बघत होते ते समोर होतं, आणि सर खाटेशी गुडघे टेकून बसले.

माय वाकड्या ओठांनी, अडखळत म्हणाली, "मुकादम... गेला का रं?"

सरांनी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"गेला, माय. सुट्टी झाली."

तेव्हा कुठं ती बोटं, एकेक करून, उघडली.