डोहाळजेवणाची होडी

अनसूयाबाई अंगणात खारका उन्हात घालत होत्या, तेवढ्यात लालासाहेबाची लॉरी दाराशी येऊन थांबली आणि तिच्यातून गुळाच्या ढेपांऐवजी एक होडी उतरली. साधी नव्हे, शिडाची. डोलकाठी वेगळी बांधलेली, शीड गुंडाळून कोंबलेलं, आणि तळाला एवढ्या फटी की पलीकडचं तुळशीवृंदावन दिसावं. होडीमागून त्यांचे यजमान गंगाधरपंत उतरले. त्यांचा चेहरा नवरदेव घेऊन आल्यासारखा फुलला होता.

"खारका जरा सरकवा," ते म्हणाले.

गंगाधरपंतांची सगळी नोकरी सांगली संस्थानात ओव्हरसियर म्हणून गेली होती. पूल, मोऱ्या, बंधारे यांपलीकडे त्यांनी काही पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात पेन्शन झाली आणि तेव्हापासून त्यांचे हात घरातल्या वस्तूंकडे वळले होते. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू मोडत नसे, पण पुढे ती निराळ्याच कामाला येई. शेवयांचा साचा आता दाराला टेकण लावायच्या कामी येत होता आणि भिंतीवरच्या घड्याळात अनसूयाबाई लवंगा ठेवत.

साताऱ्याला कालव्यावरचा एक ओळखीचा साहेब नोकरी सोडून विलायतेला परत चालला होता. ही होडी तो पूर्वी महाबळेश्वरच्या तळ्यात फिरवायचा. नंतर ती बंगल्यामागच्या छपराखाली वर्षानुवर्षं पडून होती. जाताना त्याने ती पंतांना देऊन टाकली. अनसूयाबाईंच्या मते साहेबाने त्याचं सामान आवरलं, एवढंच. पण पंतांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं, आणि ते त्यांनी जेवताना सांगितलं. पद्माचं डोहाळजेवण होडीत करायचं. पाटांना चादर गुंडाळून केलेल्या होडीत नव्हे, खऱ्याखुऱ्या शिडाच्या होडीत, कृष्णेच्या पात्रात, घाटापासून हरिपुरापर्यंत.

अनसूयाबाईंच्या हातातला डाव आमटीत राहिला. पद्माला सातवा लागला होता. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून त्यांनी दिवाळीपासून जीव टाकला होता. वाईच्या विहीणबाईंचं मत पडत नव्हतं. वाईला चांगली सुईण आहे, वैद्य आहेत, आणि सांगलीच्या घरात लक्ष द्यायला माणूस कोण, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कशाबशा त्या एवढ्यावर आल्या होत्या की पद्माला पुढे पाठवू, डोहाळजेवणाला स्वतः येऊ, सगळं डोळ्यांनी पाहू आणि मग काय ते ठरवू. त्या येणार तेव्हा घर कसं आरशासारखं दिसायला हवं होतं. आणि अंगणात हे धूड.

"पोटुशी पोर आणि फुटकी होडी," त्या म्हणाल्या. "विहीणबाई तिला त्याच पावली परत नेतील."

"फुटकी कुठे? सुकलीय. माणूस उपाशी राहिला की गालफडं बसतात, तसं आहे ते," पंत म्हणाले. पद्मा खाली मान घालून हसत होती, त्यामुळे तिचीही मदत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. लालासाहेब हा पंतांचा उजवा हात. मूळचा कवठे महांकाळचा, म्हणजे जिथे पिण्याच्या पाण्यासाठी माणसं आभाळाकडे बघत बसतात त्या मुलखातला. पण लढाईत तो पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता, तिथे त्याने नदीत गलबतं पाहिली होती, आणि तेवढ्यावर तो होड्यांतला जाणकार ठरला होता.

आधी जुना रंग खरवडला. त्याचा भुगा वाऱ्याबरोबर घरात गेला आणि डिंकाच्या लाडवांना निळसर झाक आली. मग तळाची एक फळी कुजलेली निघाली. तेवढ्या लांबीचं सागवान बाजारात मिळेना, म्हणून झोपाळ्याची फळी गेली. मग डांबर वितळवायला भांडं हवं झालं आणि अनसूयाबाईंचं पुरणाचं पातेलं गेलं. दोन दिवस घरात अन्नाला आगगाडीच्या स्टेशनचा वास येत होता. पद्माला तो वास आवडायला लागला, हे डोहाळे म्हणायचे की बापाचं रक्त, हे अनसूयाबाईंना ठरवता येईना.

शीड उलगडलं तर उंदरांनी त्यात संसार थाटलेला. कापडावर कंट्रोल होता. रेशनच्या दुकानात धोतराला कापड मिळायची मारामार, तिथे शिडाला कोण देतो? पंतांनी ट्रंकेतून अनसूयाबाईंचं जुनं हिरवं इरकली लुगडं काढलं आणि त्याची ठिगळं लावली. अनसूयाबाईंना हे कळलं तेव्हा शीड डोलकाठीवर चढलं होतं आणि लुगड्याचे तांबडे काठ गल्लीच्या टोकावरून ओळखू येत होते.

खरा जोर लागला तो फटींना. त्यांत काथ्या ठोकून वरून डांबर फासायचं होतं. पंत बेताने ठोकत होते. लालासाहेबाला ते पटेना.

"पंत, आवं हाना की जोरात. आजून लय जागा हाय," तो म्हणाला. "बसऱ्याला घन घालायचे घन."

मग दोघांनी मिळून प्रत्येक फटीत इतका काथ्या कोंबला की पोत्यातला संपला आणि लालासाहेबाने लॉरीतली दोरखंडं पिंजली. होडी गुळगुळीत काळी दिसू लागली. पंतांनी तिच्याभोवती फिरून तिला थोपटलं. अनसूयाबाईंनाही क्षणभर वाटलं, न जाणो, जमलंही असेल.

विहीणबाई यायच्या दोन दिवस आधी होडी घाटावर नेली. अनसूयाबाई गेल्या नाहीत. पण घाटावरून परत येणारी प्रत्येक बाई त्यांच्या दाराशी थांबून सविस्तर सांगून गेली, त्यामुळे न जाताही त्यांना सगळं दिसलं. होडी पाण्यात सुरेख उतरली. शीड वाऱ्याने फुगलं. पंतांनी सुकाणू धरलं आणि लालासाहेब पुढच्या टोकाला उभा राहिला. होडी आयर्विन पुलाच्या दिशेने निघाली, आणि जसजशी पुढे गेली तसतशी खाली गेली. तिचा तळ वाळूला लागला तेव्हा दोघेही गुडघाभर पाण्यात उभे होते, पंतांच्या हातात सुकाणू तसंच होतं, आणि वर अनसूयाबाईंचं लुगडं फडफडत होतं. धोंडुबाई परटीण म्हणे हातातलं धुणं सोडून म्हणाली, वैनींचं लुगडं मात्र अजून रंगाला पक्कं आहे.

पंत ओलेचिंब घरी आले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. अनसूयाबाईंनी मनाशी जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं गिळलं आणि त्यांना सुकं धोतर दिलं. आता होडीचं खूळ सुटणार या आशेवर त्यांनी आलं घालून चहासुद्धा केला. तो चहा पिता पिता लालासाहेबाला आठवलं की उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक सुकून खिळखिळं झालं की ते डोहात टाकून ठेवतात, लाकूड फुगतं आणि लोखंडी धाव घट्ट बसते.

पंतांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे पुन्हा चमकू लागलेले पाहून अनसूयाबाई आत निघून गेल्या.

होडी नदीत बुडवून ठेवायला हवी होती. पण घाटावर पुन्हा तोंड दाखवायची पंतांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी उलटा विचार केला. पाण्यात होडी काय आणि होडीत पाणी काय, लाकडाला दोन्ही सारखंच. अंगणात दगड रचून होडी त्यांवर बसवली आणि आडाचं पाणी काढून ती भरायला घेतली. आधी ते ओतलं तेवढं गळत होतं. अंगणाचा चिखल झाला, तुळशीपर्यंत जायला फळ्या टाकाव्या लागल्या. मग गळती कमी झाली, मग थेंब थेंब, आणि विहीणबाई यायच्या दिवशी सकाळी तीही थांबली. होडी काठोकाठ भरली होती आणि बाहेर टिपूस नव्हता. सारा जन्म बंधारे बांधलेल्या माणसाने अखेर तेच केलं होतं.

"बघा," पंत म्हणाले. "जे पाणी बाहेर जात नाही ते आत कसं येईल?"

अनसूयाबाईंनी पदर खोचला. त्या म्हणाल्या, "विहीणबाई यायच्या आत हे रिकामं करा आणि वर सतरंजी टाका." पंतांना आणखी घटकाभर पाणी राहू द्यायचं होतं. लाकूड फुगतंय तोवर फुगू द्यावं, असं त्यांचं मत.

लाकूड फुगतच होतं. फक्त फटींत त्याला जागा नव्हती. ती सगळी घन घालून भरली होती.

दुपारी टांगा दाराशी आला. विहीणबाई उतरल्या, मागून ट्रंक उतरली. उंच, गोऱ्या, ओठ घट्ट मिटलेले. अनसूयाबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाल्या, पद्मा पाया पडायला वाकली, आणि अंगणात बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. सगळे वळले. तळाच्या एका फळीचा खिळा उडाला होता. पाठोपाठ दुसरा, तिसरा, आणि मग झोपाळ्याची फळी सुटून आपल्या जुन्या जागेच्या दिशेने ओसरीकडे निघाली. तिच्यामागून सगळं पाणी आलं. ओसरीखालच्या चपला तरंगल्या, रांगोळी गेली, आणि विहीणबाई घोट्यापर्यंत काळपट पाण्यात, लुगड्याचा घोळ हातात धरून उभ्या राहिल्या. काथ्याचा एक झुबका त्यांच्या पायाला येऊन लागला.

पंत होडीशी उभे होते आणि फुटलेल्या तळाकडे पाहत होते. अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. खारका, लाडू, बाळंतिणीची खोली सारवून ठेवलेली, सगळं वाहून गेल्यासारखं त्यांना वाटलं.

"हे काय?" विहीणबाईंनी विचारलं.

पंतांनी सांगितलं. साहेबापासून चाकापर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "पोरीची हौस करावी म्हटलं." विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं, पाण्यातून चालत ओसरीवर आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. पद्माला त्यांनी जवळ बसवून घेतलं. मग अनसूयाबाईंकडे पाहून हळूच म्हणाल्या, "हिला इथेच ठेवून घ्याल का? बाळंतपण होईपर्यंत?"

अनसूयाबाईंना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

"आमच्याकडे नेण्याजोगं घर राहिलं नाही," विहीणबाई म्हणाल्या. "ह्यांनी दसऱ्याला कौलं स्वतः शाकारायला काढली. नंतर वासे काढले. मग म्हणाले, तुळईच बदलू. आता स्वयंपाकघरावर आभाळ आहे. माकडं येऊन भाकरी नेतात. पत्रात कोणत्या तोंडाने लिहू, म्हणून आलेच मी." त्यांचे मिटलेले ओठ थरथरले आणि अनसूयाबाईंना आधी वाटलं त्या रडताहेत. पण त्या हसत होत्या. मग अनसूयाबाईही हसल्या, डोळे पुशीत, आणि पद्मा तर पोट धरून. पंतांना हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते वाशांचं माप विचारत होते.

डोहाळजेवण दोन दिवसांनी झालं, अंगणात, होडीतच. चिखल वाळला होता. तळ फुटलेला असला तरी दगडांवर ती पक्की बसली होती. शीड वर चढवलं, डोलकाठीला फुलांच्या माळा बांधल्या. पद्मा हिरवी साडी नेसून मधल्या फळीवर बसली आणि बायकांनी ओटी भरली. इतकी झोकदार होडी डोहाळजेवणाला कुणी पाहिली नव्हती. अनसूयाबाईंनी हे मनात कबूल केलं. पंतांना सांगितलं नाही.

जेवणाच्या वेळेला व्याही विष्णुपंतही वाईहून येऊन पोहोचले. सुनेला आशीर्वाद द्यायला म्हणून ते होडीकडे गेले, आशीर्वाद दिला, आणि तिथेच खाली वाकले. एका फटीत बोट घालून त्यांनी काथ्या चाचपला.

"जास्त ठोकलात," ते म्हणाले.

"तेच मी ह्याला म्हणत होतो," गंगाधरपंतांनी लालासाहेबाकडे बोट दाखवलं.

जिलबी गार होईपर्यंत दोघे व्याही होडीखाली शिरले होते आणि त्यांचे कोट डोलकाठीला टांगलेले होते. संध्याकाळी विष्णुपंतांनी बाहेर येऊन जाहीर केलं की तळ सगळा उतरवायला हवा, पण काम हातचं आहे, पाडव्यापर्यंत सहज होईल. वाईचं छप्पर काही पळून जात नाही.

अनसूयाबाईंनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायच्या होत्या. त्या उठल्या, आत गेल्या, आणि बांधलेली ट्रंक उघडून आपली लुगडी एकेक करून अनसूयाबाईंच्या दांडीवर घालू लागल्या.

"तांदूळ जरा जास्तच निवडू या," त्या आतून म्हणाल्या.