जिव्हाळा, ग्रॅममध्ये

माणूस निघताना मागचे रडले नाहीत, तर तो कायमचा गेला की नुसता पाणी प्यायला गेला, हे ठरवता येत नाही. म्हणून निरोप समारंभात रडणे आवश्यक आहे. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आमच्या शाळेच्या निरोप समारंभ समितीच्या इतिवृत्तात पान चारवर तसं स्पष्ट लिहिलं आहे. (इतिवृत्त मीच लिहितो.) मी या शाळेत मराठी शिकवतो आणि एकवीस वर्षं सदर समितीचा निमंत्रक आहे.

आमची शाळा आठवी ते दहावी, नंदुरबारच्या बाहेरच्या रस्त्याला. पश्चिमेला कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे चुनीलाल शेठची मिरचीची पथारी. ज्यांनी पथारी पाहिली नाही त्यांनी आपल्या गच्चीवरचं वाळवण आठवावं आणि गच्ची चार एकरांची करावी. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे बायका ओळीने बसून देठ खुडतात, गडी मिरची उलटीपालटी करतात, आणि पश्चिमेचा वारा सुटला की त्याचा लाभ आमच्या शाळेला होतो. निरोप समारंभ फेब्रुवारीत असतो. पुढचं सांगायला नको.

आमचा निरोप समारंभ पंचक्रोशीत नावाजलेला आहे तो यामुळे. इतर शाळांत काय चालतं? एका शाळेने तर निरोपाला डीजे लावला. पोरं नाचत नाचत गेली! आमच्याकडे मात्र पाहुण्यांच्या स्वागतापासूनच हुंदके सुरू होतात. गेल्या सहा वर्षांत नऊ पाहुणे आले आणि नऊच्या नऊ रडले. त्यांतले एक तर पत्ता चुकून आमच्या शाळेत आले होते, तेही रडले.

रडणं सगळ्यांचंच झालं की त्यात डावं-उजवं कसं करायचं, हा प्रश्न यंदा उभा राहिला. कारण चुनीलाल शेठांनी ‘जिव्हाळा पारितोषिक’ जाहीर केलं. ज्या विद्यार्थ्याला शाळेबद्दल सर्वांत जास्त जिव्हाळा, त्याची अकरावी-बारावीची सगळी व्यवस्था शेठ करणार: कॉलेज, वसतिगृह, पुस्तकं, सगळं. आता जिव्हाळा मोजायचा कशाने? मुख्याध्यापक उमाकांत सर विज्ञानाचे. ते म्हणाले, ‘‘वजनाने.’’

प्रयोगशाळेच्या कपाटात एक तराजू नऊ वर्षं पडून होता. तो काढला, झुरळं काढली, पुसला. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक पांढरा सुती रुमाल द्यायचा, भाषणाआधी तोलायचा, भाषणानंतर तोलायचा, फरक म्हणजे जिव्हाळा. (नाकातलं पाणी वजा करण्याची सोय सध्या नाही.) अश्रू खरे की खोटे याबद्दल वाद नको म्हणून वाऱ्याचीही नोंद ठेवायची ठरली. आमच्या शिपाई सरलाबाईंनी गच्चीवर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. पट्टी पूर्वेकडे उडाली की वारा पथारीवरून येतो आहे, म्हणजे वातावरण भावपूर्ण आहे, असं वहीत लिहायचं.

भाषणाचा विषय दरवर्षीप्रमाणे ‘आठवीतले ते दिवस’. सोळा वर्षांच्या मुलाने तेरा वर्षांच्या स्वतःकडे मागे वळून पाहायचं, आणि ‘‘काळ कसा निघून गेला कळलंच नाही’’ असं म्हणायचं. मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून समितीकडे मंजूर आठवणींची यादी आहे. पहिल्या दिवशी वाटलेली भीती, खिचडीचा वास, सरांनी मारलेली छडी, जी खरं तर माया होती, आणि तोरणमाळची सहल. (सहल म्हसावदच्या पुढे गेली नाही, गाडी पंक्चर झाली. पण तोरणमाळचं धुकं सत्तावीस मुलांना स्पष्ट आठवतं, हे आमच्या भाषाविषयाचं यश आहे.)

यादीबाहेरची आठवण एकीचीच होती. निशाची.

निशा ही सोनीबाईची मुलगी. सोनीबाई डोंगरातल्या, मोलगीकडच्या एका पाड्यावरून देठ खुडायला खाली उतरली आणि पथारीच्या कोपऱ्यातल्या झोपडीत राहिली. मुलीला तिने दिवाळीनंतर आमच्याकडे आठवीत घातलं. पोरगी पहाटेपासून आईबरोबर देठ खुडायची आणि साडेदहाला तशीच वर्गात यायची. झालं! तिच्या दप्तराला मिरची, ओढणीला मिरची, केसांत मिरची. ती बाकावर बसली की शेजारची शिंकायची, मागचा खोकायचा, आणि मी कविता शिकवताना माझेच डोळे वाहायचे. कविता विनोदी होती, हो! म्हणून वर्गाच्या हितासाठी मी तिला व्हरांड्यात, खिडकीजवळ जागा दिली. तिला मोकळी हवाही मिळाली. उरलेली आठवी आणि अख्खी नववी ती तिथे बसली आणि नववीत शाळेत पहिली आली. खिडकीतून शिकलेलं जास्त टिकतं असा माझा अंदाज आहे. यावर कोणीतरी संशोधन करायला हवं. दहावीत बोर्डाचं वर्ष म्हणून तिला आत घेतलं. तोवर वर्गालाही तिची सवय झाली होती.

रंगीत तालमीला तिचा रुमाल तोलला. आधी अकरा ग्रॅम, नंतर अकरा ग्रॅम. पुन्हा तोलला. या वेळी वजन किंचित कमीच भरलं (घडी घालताना दोरा निघाला होता). शाळेच्या इतिहासात उणे जिव्हाळ्याची ही पहिलीच नोंद. उमाकांत सरांनी सोनीबाईला बोलावून घेतलं. ती पथारीवरून तशीच आली आणि दारातच उभी राहिली.

‘‘बाई, तुमच्या मुलीला शाळेबद्दल काही वाटत नाही का?’’

‘‘वाटस ना, सर,’’ सोनीबाई म्हणाली. ‘‘पन तिन्हा डोयाले पानी येत नही. मन्हा बी येत नही. पह्यला साल पानी लई उनं, मंग सरी गयं.’’

पथारीवरच्या बायकांकडून ती अहिराणी शिकली आहे, आणि आमच्या संस्कृतच्या सरांपेक्षा बरी बोलते. उमाकांत सर तराजूचं पारडं पुसू लागले. मग तिनेच विचारलं, ‘‘रडनी नही, ते कॉलेज नही का?’’

‘‘तसा नियम नाही,’’ सर म्हणाले. ‘‘निकष तसा आहे.’’

सोनीबाईने मान हलवली आणि ती कामावर गेली. या बाईचं एक बरं आहे, निकष म्हणजे काय हे तिने विचारलं नाही. ते सांगणं आम्हालाही अवघड गेलं असतं.

समारंभाचा दिवस उजाडला. अकराला वारा सुटला, लुगड्याची पट्टी फडफडली, सरलाबाईंनी गच्चीवरून हात केला आणि आम्ही भाषणं सुरू केली. काय सांगू! एकेक पोर ‘‘माझी शाळा’’ म्हणायचं आणि पुढे शब्दच फुटायचा नाही. चार ग्रॅम, पाच ग्रॅम, साडेसहा. चुनीलाल शेठ स्वतः पहिल्या रांगेत रडत होते. आपलीच मिरची, पण माणूस हळवा.

मग धीरज उठला. तापीकाठच्या गुजर पाटलांचा मुलगा, घरी केळी आणि ऊस. त्याचं नाक जन्मापासून नाजूक. ‘‘आठवीत मी जेव्हा,’’ एवढं बोलून तो जो कोसळला, तो रुमाल संपून बाहीवर गेला. तोलला, तर चौदा ग्रॅम! बाही तोलता आली नाही, ती शर्टाला होती.

धीरज पोरगा सरळ. माइकवरूनच म्हणाला, ‘‘सर, मी रडी नही ऱ्हायनू. माले मिरचीनी ॲलर्जी शे.’’

मी लगेच माइक घेतला आणि सांगितलं की हा त्याचा विनय आहे. टाळ्या झाल्या. विनयाचा अर्धा ग्रॅम त्याला वाढवून दिला.

निशाचा नंबर शेवटचा. एक वाजून गेला होता, पथारीवरची माणसं भाकरी खायला बसली होती, आणि वारा साफ पडला. पट्टी काठीला चिकटून लोंबत होती. सरलाबाईंनी वहीत ‘वारा शून्य’ असं लिहिलं आणि त्या खाली येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

निशा कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. हातात कागद नव्हता. म्हणाली:

‘‘आठवीत मी खिडकीबाहेर बसत होते. तिथून अर्धाच फळा दिसायचा, डावीकडचा. उजवीकडचं मी अंदाजाने लिहायचे. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. एकदा सरांनी आत प्रश्न विचारला, कोणालाच आलं नाही. मी बाहेरून मोठ्याने उत्तर दिलं. सर म्हणाले, बाहेर कोण बोललं? मी म्हटलं, निशा. सर म्हणाले, बरोबर आहे. ही माझी आठवीची आठवण. मला पुढे शिकायचंय. आत बसून.’’

आणि खाली बसली. दीड मिनिटसुद्धा झालं नसेल. तोरणमाळ नाही, धुकं नाही, छडी नाही.

त्यानंतर सभागृहात जो प्रकार झाला तो समितीच्या दृष्टीने आक्षेपार्ह होता. वारा नसताना तिसऱ्या रांगेतल्या मुली डोळे पुसायला लागल्या. सरलाबाईंनी पदर तोंडाला लावला. धीरज या वेळी खरंच रडत होता. नाक न वाहता रडताना मी त्याला प्रथमच पाहिलं. माझाही रुमाल मी नंतर गुपचूप तोलून पाहिला. तीन ग्रॅम जास्त भरला. ‘‘बाहेर कोण बोललं’’ विचारणारा तो सर म्हणजे मीच. मला वाईट वाटलं, हे मी लपवत नाही. पण वहीत त्याला रकाना नव्हता.

‘‘सर, ह्या पोरनी वारा नसतांना इतला लोकेस्ले रडाई दिधं,’’ सरलाबाई म्हणाल्या, ‘‘ते मोजा ना!’’

समितीने शिक्षकखोलीत तातडीची बैठक घेतली. चहा आला. सर्वानुमते असं ठरलं की, दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी निशाच्या खात्यात धरता येत नाही. शिवाय सदर पाणी वारा शून्य असताना आलेलं असल्यामुळे ते कशाने आलं याचा खुलासा होत नाही. आणि ज्या अश्रूंना मान्य कारण नाही ते ग्राह्य नाहीत. सबब निशाच्या भाषणानंतरच्या सर्व नोंदी रद्द. रद्द केलेल्या नोंदींवर निमंत्रक म्हणून मी सही केली. त्यात माझे तीन ग्रॅमही गेले.

पारितोषिक धीरजला. तो स्टेजवर येऊन म्हणाला, ‘‘शेठ, हाई निशाले द्या ना. मी ते नाशिकले जाई ऱ्हायनू, मन्हा बापनी तठे डोनेशन भरेल शे.’’ उमाकांत सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पारितोषिक हस्तांतरणीय नसल्याचं समजावून सांगितलं. म्हणजे यंदाचं कॉलेज आणि वसतिगृह कोणीही वापरणार नाही. ते ट्रॉफीच्या कपाटात तराजूशेजारी मानाने राहील.

चुनीलाल शेठ मात्र दिलदार. माइक हातात घेऊन म्हणाले, ‘‘निशा पोरीची कोणी काळजी करू नका. आपल्या पथारीवर तिला कायमची जागा शे. असा चपळ हात मी पाहिला नही!’’ त्याच वेळी जेवणं आटोपून पलीकडे मिरची उलटायला सुरुवात झाली, वारा आला, आणि सगळं सभागृह पुन्हा एकदा गहिवरलं. या वेळची नोंद नियमाप्रमाणे ग्राह्य आहे.

जाताना निशाने रुमाल परत केला, नीट घडी घालून. बाकीचे चव्वेचाळीस धुवायला टाकावे लागले. मी तिला म्हटलं, ‘‘वाईट वाटून घेऊ नकोस.’’ ती म्हणाली, ‘‘सर, वाटलं तरी तुम्हाला दिसणार कसं?’’ आणि फाटकाने न जाता भिंत ओलांडून गेली. तिकडून तिचं घर जवळ पडतं.

हा प्रसंग मी आजवर बावीस जणांना सांगितला, कधी लग्नात, कधी रिक्षात. एकोणीस जणांचे डोळे भरून आले. दोघांनी ‘‘लिहा, सर, यावर लिहाच’’ असा आग्रह धरला. तिचा पत्ता मात्र एकानेच विचारला, आणि त्याला देठ खुडायला माणूस हवं होतं.

तुम्ही तेविसावे. तुमचेही डोळे ओले झाले असतील, तर अभिनंदन. रुमाल तोलून वजन शाळेला कळवा, सोबत वाऱ्याचा दाखला जोडा. (कांदा चिरता चिरता वाचत असाल तर नोंद ग्राह्य धरली जाणार नाही.) पत्ता मी सांगून ठेवतो: आमची शाळा, पश्चिमेची भिंत, भिंतीपलीकडे कोपऱ्यातली झोपडी. अकरावीचे प्रवेश जूनमध्ये आहेत. तुम्ही आधी डोळे पुसून घ्या, सावकाश.