डावं मनगट हिरव्या पट्ट्याला

संकट एकच असतं, उपाय मात्र अनेक असतात. म्हणून शहाण्या माणसाने आधी उपायांचा नीट अभ्यास करावा. संकट काही कुठे पळून जात नाही.

परीक्षा मंडळातले फेरतपासनीस अशा शहाण्यांपैकी एक होते. विद्यार्थ्यांनी हरकत घेतलेल्या उत्तरपत्रिकांतले गुण पुन्हा मोजायचे, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणालाही घाईने अर्धा गुण वाढवून दिला नव्हता (एकदा दिला होता, पण तो नंतर परत घेतला). त्यांच्यावर आलेलं संकट म्हणजे गॉगलवाला. त्यांची मुलगी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. संध्याकाळी साडेसातला ती बसमधून उतरली, की दिवेलागणीलाही गॉगल लावणारा हा इसम तिच्या शेजारून चालू लागे, गाणी म्हणे, नाव विचारी. मुलीने हे आईला सांगितलं, आईने यांना.

"अहो, तुम्ही रोज स्टॉपवर जाऊन तिला घेऊन येत जा ना. सहा मिनिटांचा तर रस्ता आहे."

फेरतपासनिसांना हे अगदीच वरवरचं वाटलं. त्यांना मुळावरच घाव घालायचा होता. तो कोणत्या शैलीने घालावा, एवढंच काय ते ठरायचं होतं. स्टॉपवरून घरी येण्याच्या गल्लीतच सात पायऱ्या चढून एक स्वसंरक्षण वर्ग होता. तिथे वारांप्रमाणे निरनिराळ्या शैली शिकवत. त्यांनी लगेच नाव घातलं. वर्गाची वेळ सात ते साडेआठ असल्यामुळे स्टॉपवर जाण्याचा प्रश्न आपोआप निकालात निघाला.

पुढची अडीच वर्षं त्यांनी जो तुलनात्मक अभ्यास केला, त्याला तोड नाही. प्रत्येक शैलीला पन्नासपैकी गुण दिले आणि ते तीनदा मोजले. कराटेला छत्तीस: शिस्त उत्तम, पण फटक्याआधी ओरडावं लागतं आणि दुपारी दोन ते चार या वेळात सोसायटीला ते चालत नाही. ज्यूदोला एकतीसच, कारण समोरच्याने जाड कॉलरचा अंगरखा घातलेला असावा लागतो आणि गॉगलवाला टी-शर्टात हिंडे (हे पाच गुण वास्तविक त्याचे कापायला हवे होते). तायक्वांदोत पाय कानापर्यंत जातो; फेरतपासनिसांचा स्टुलापर्यंत गेला आणि पँटची शिवण त्याच्याही पुढे गेली. बॉक्सिंगची अडचण अशी, की एका हातात ग्लोव्ह चढल्यावर दुसऱ्याची नाडी स्वतःला बांधता येत नाही, त्यामुळे ती हल्लेखोरालाच बांधायला सांगावी लागणार. कुस्तीत दोघांचा वजनगट एक हवा, पण गॉगलवाल्याला काट्यावर उभं कोण करणार? ऐकिदो फेरतपासनिसांना मनापासून आवडलं. त्यात समोरच्याची ताकद त्याच्यावरच उलटवायची असते. मात्र गॉगलवाला नुसती गाणी म्हणत असल्यामुळे उलटवायचं काय, हा मुद्दा शेवटपर्यंत अनिर्णित राहिला.

अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा झाला. तोवर तीन शैलींतले तीन पिवळे पट्टेही जमा झाले होते. मुलगी मधूनमधून विचारी, "बाबा, झालं का ठरवून?" त्यावर ते म्हणत, "घाई करून चालत नाही बाळ. उद्या कोणी फेरतपासणी मागितली तर?" तिने दोनदा बस बदलली. गॉगलवाल्यानेही बदलली.

वर्गाचा वार्षिक ग्रुप फोटो ज्या दिवशी होता, त्या दिवशी साडेसातच्या सुमाराला सतरा विद्यार्थी आणि वर्गाचे सर कडक इस्त्रीचे पांढरे पोशाख घालून त्या सात पायऱ्यांवर उभे होते. सर्वांनी पवित्रा घेतला होता. फोटोग्राफरने "आता कोणी हलू नका" म्हटलं, आणि नेमकं तेव्हाच समोर गॉगलवाल्याने मुलीचं मनगट धरलं.

"बाबा!" मुलगी ओरडली.

 फेरतपासनिसांचा एक पाय उचललाही गेला. पण इतक्यात मागच्या पायरीवरून कोणीतरी म्हणालं, "सर, त्याने डावं धरलंय."

सरांनी डोळे बारीक करून पाहिलं. "डावं मनगट हिरव्या पट्ट्याला आहे. पिवळ्याला फक्त उजवं."

वर्गात हिरवा पट्टा एकच होता, आणि तो त्या दिवशी पाय मुरगळल्यामुळे रजेवर होता. काळे पट्टे दोन हजर होते, पण त्यांच्या मते हा मामला प्राथमिक स्तराचा होता. मुलगी हिसडे देत होती. आयुष्यात दुसऱ्यांदाच फेरतपासनिसांनी घाईने निर्णय घेतला. ते पायरीवरूनच ओरडले, "बाळ, हात बदल! उजवा दे त्याला!"

मुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती गॉगलवाल्याच्या पंजाला कडकडून चावली. तो बोंबलत गल्लीबाहेर पळाला. पुढे तीन टाके पडले, असं ऐकिवात आहे.

वर्गात यावर साधकबाधक चर्चा झाली. चावणं हे कुठल्याच शैलीत बसत नाही; उलट बहुतेक शैलींत चावणारा बाद होतो, हे सरांनी निदर्शनास आणलं. काहींना मुलीच्या जातीला हे शोभत नाही असं वाटलं, तर काहींना त्या पंजाची कीव आली. फोटो मात्र छान आला. एकही जण हललेला नाही.

घरी आल्यावर मुलगी सुजलेलं मनगट पाण्यात धरून बसली होती. फेरतपासनिसांनी अहवाल टीपॉयवर ठेवला.

"त्यात डाव्याचं प्रकरण घालायचं राहिलं," ते पुटपुटले.

"मला प्रकरण नको होतं बाबा," ती म्हणाली. "लढायला पण नको होतं. नुसते खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिला असतात ना, तरी त्याने हात सोडला असता."

फेरतपासनिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस कामाला चोख. त्यांनी त्याच रात्री पंच्याऐंशीवं पान लिहिलं: 'शेजारी येऊन उभे राहणे. साहित्य: काही नाही. पट्टा: लागत नाही. गुण: पन्नासपैकी पन्नास. स्वतःचे गुण: शून्य.' हे शून्य त्यांनी तीनदा मोजलं. दुसऱ्या दिवसापासून ते सव्वासातला स्टॉपवर जाऊन उभे राहू लागले. मुलीने मात्र तोवर लॅबजवळच खोली बघितली होती.

पांढऱ्या पोशाखातल्या अठरा जणांना हसणं सोपं आहे. पण त्या वेळी गल्लीत साध्या कपड्यांतली आणखी चाळीसेक माणसं होती. कोणी दुकानाच्या दारात उभं होतं, कोणी गॅलरीत, कोणी मोबाइल वर धरून. त्यांना कोणत्याही वर्गात न जाता जागचं न हलणं जमलं. अहवालात त्यांच्यापैकी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. तुमचंही नाही. काळजी नसावी.