तळ्यावरचं गाऱ्हाणं

"माका तुमच्याशी बोलूचा आसा," तव्यावरचा बांगडा उलटत रश्मी म्हणाली, "पण हय नाय."

सुदेशने हातातला नारळ खाली ठेवला. बारा वर्षांच्या संसारात रश्मीला जे काही बोलायचं असे, ते ती बांगडा उलटतानाच बोलत आली होती. सासूशी भांडण, माहेरचं लग्न, विजेचं बिल, सगळं तव्यापाशीच उरकायचं. बोलायला वेगळी जागा लागेल असा विषय आजवर घरात निघालाच नव्हता. "काय झाला गो?" असं तो विचारणार, तेवढ्यात तीन नंबरच्या खोलीतून हाक आली, "वहिनी, गरम पाणी!" आणि पाठोपाठ एक नंबरमधून, "वहिनी, सोलकढी अजून आहे का?"

रश्मी गेली. बांगडा करपला.

तोंडवळीत, माडांच्या मागे, समुद्राकडे तोंड करून सुदेशचं घर होतं. चार खोल्या, आणि चारही पर्यटकांना दिलेल्या. दिवाळीपासून घर एक दिवस मोकळं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने रश्मीला किनाऱ्यावर नेऊन विचारायचं ठरवलं, तर दोन नंबरचे पाहुणे मागोमाग आले आणि त्यांनी त्याच्याकडून आपले एकवीस फोटो काढून घेतले. तिसऱ्या दिवशी माडाच्या बागेत रश्मीने तोंड उघडलं आणि सुदेशची आई, सुभद्राकाकी, झावळ्या ओढत तिथेच आली. चौथ्या दिवशी रश्मीने तोंड उघडलंच नाही. त्यामुळे सुदेश जास्त घाबरला.

काय असेल? आजारपण? की ही कायमची माहेरी निघाली? मुंबईला तिच्या भावाने जागा घेतली होती, तिथे तर नाही? विचार करकरून त्याची भूक मेली. शेवटी तो फोन घेऊन विहिरीच्या काठावर बसला आणि एकांत शोधायला लागला. तिथे त्याला एक यादी सापडली: तळ्याकाठच्या, रानातल्या, तंबू ठोकायला फुकट आणि कुणालाच ठाऊक नसलेल्या जागा. गेल्या मे महिन्यात एक पाहुणा आपला तंबू विसरून गेला होता, तो माळ्यावर पडूनच होता. सुदेशला वाटलं, देवानेच वाट दाखवली.

शनिवारी सकाळी "कोल्हापुराक चादरी हाडूक जातव" असं आईला सांगून, चादरी आणायच्या निमित्ताने, दोघं गाडीतून निघाली. घराकडे आई होती आणि मदतीला शेजारची सावित्री.

यादीतलं पहिलं तळं गाठलं तर काठावर तीस-चाळीस तंबू होते आणि एका जीपवर भोंगा वाजत होता. कुणालाच ठाऊक नसलेली जागा शोधायला ही सगळी माणसं त्याच यादीवरून आली होती. सुदेश गाडी वळवणार तोच एका तंबूतून गृहस्थ बाहेर आले. कालच खोली सोडून गेलेले दोन नंबरचे पाहुणे!

"अरे, सुदेशभाऊ! तुम्ही इथे? आणि वहिनीपण आल्यात? वा!" ते तंबूत डोकं घालून ओरडले, "अगं, वहिनी आल्यात, आता चहाची चिंता नाही!"

रश्मीने अकरा कप चहा केला. सुदेशने कप विसळले.

यादीतल्या दुसऱ्या जागी छोटं धरण होतं. तिथे पोहू नये, थांबू नये, जेवू नये, फोटो काढू नये असा फलक होता आणि त्या फलकाखाली एक राखणदार जेवत होता. त्याने घास हातात तसाच धरून मानेनेच 'मागे फिरा' सांगितलं.

आता मात्र सुदेशने यादी सोडली. फोंडाघाटाच्या अलीकडे आत, काजूच्या बागांच्या मागे, फोनच्या नकाशावर त्याला एक निळा ठिपका दिसला. त्याला नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे तिथे कुणी जात नाही, असा हिशेब करून त्याने गाडी लाल मातीच्या वाटेवर घातली.

तळं खरंच होतं. काळंशार पाणी, काठावर किंजळीची झाडं, चार म्हशी. माणूस एकही नाही. सुदेशने तंबू बाहेर काढला. ठोकायच्या खुंट्या पुरेशा नव्हत्या म्हणून दोरी दोन झाडांना बांधली. रश्मीने स्टो पेटवला. तो नुसताच धूर ओकायला लागला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आता बोल," सुदेश म्हणाला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

रश्मीने पदराने डोळे पुसले. "ऐका," ती म्हणाली, "रागवूचा नाय हां..."

"खंयचे?" मागून आवाज आला.

म्हशींच्या मागे एक म्हातारा उभा होता. डोक्याला टॉवेल, हातात काठी. त्याचं नाव बाबली.

"तोंडवळीचे," सुदेश म्हणाला.

"मगे हय कोणाकडे इलास?"

"कोणाकडे नाय. हयच रवतलव. तळ्यार."

बाबलीने तंबूकडे पाहिलं. झाडाला बांधलेल्या दोरीकडे पाहिलं. रश्मीच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "झिला, तळ्यात गाळ आसा. पाय अडाकता. मराक लय वेळ लागता रे. आणि आमच्यो म्हशी ह्याच पाणी पितत."

"अहो आजोबा, आम्ही मराक नाय इलव!"

"सगळे असाच म्हणतत," बाबली म्हणाला. त्याने पुढे होऊन झाडाची दोरी सोडली आणि आपल्या कमरेला गुंडाळली. तंबू सुस्कारा टाकल्यासारखा खाली बसला. मग म्हशी तिथेच टाकून बाबली गावाच्या दिशेने, त्या वयात जेवढं पळता येईल तेवढं पळाला.

"लवकर बोल," सुदेश म्हणाला, "तो माणसा घेवन येतलो."

"असा घायघायत बोलूचा नाय ता," रश्मी म्हणाली आणि पुन्हा स्टोकडे वळली.

बाबलीने गावात सांगितलं आणि पंधरा मिनिटांत तिथली हौसाबाई आली. तिने येताना पेज आणि फणसाची भाजी आणली होती. रश्मीला पोटाशी धरून, तिच्या नवऱ्याकडे रोखून बघत ती म्हणाली, "रडा नको गो बाये. घोव काय, सगळ्यांचे सारखेच." रश्मी म्हणाली की धुरामुळे पाणी आलंय. "माकाय धूरच लागायचो," हौसाबाई म्हणाली, "तीस वर्सा." मग दोन बायका आल्या, मग पाच. मग पुरुष आले, डोक्यावर लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन. बघता बघता तळ्याकाठी पस्तीस-चाळीस माणसं गोलाकार बसली आणि मधल्या खुर्चीवर गावचे मानकरी हरिश्चंद्र येऊन टेकले. नकाशावर नाव नसलेल्या त्या जागी आता पाय ठेवायला जागा नव्हती.

"ह्या तळ्याचा नाव तरी काय?" सुदेशने हताशपणे शेजारच्याला विचारलं.

"नाव कित्याक? तळी एकच आसा."

हौसाबाईची लेक तोंडवळीशेजारच्या आचऱ्याला दिली होती. तिला फोन गेला. तिने तोंडवळीत फोन केला. आणि पाचव्या मिनिटाला सुभद्राकाकीचा आवाज हरिश्चंद्रांच्या फोनमधून अख्ख्या तळ्यावर घुमला.

"सुदेश! तू कोल्हापुराक गेलंस मां रे, चादरी हाडूक?"

सुदेश एक पाऊल म्हशींकडे सरकला.

"खोटा सांगान बायलेक रानात हाडल्यान!" मागून कुणीतरी बोललं. बायकांनी रश्मीला उचलून आपल्या बाजूला नेलं. सुदेशच्या बाजूला फक्त म्हशी उरल्या.

त्या क्षणी सुदेशला मनापासून वाटलं, बाबलीचा गाळ काही इतका वाईट नसावा.

हरिश्चंद्रांनी घसा साफ केला. "बाये, भिया नको. काय झाला ता सगळा सांग. मारता?"

"नाय ओ."

"दारू?"

"नाय."

"मगे घरातसून भायर काढल्यान?"

"घर आसा ओ आमचा!" सुदेश कळवळून म्हणाला. "चांगला चार खोल्यांचा. समुद्राक लागान. पावणे येतत, रवतत."

"चारव खोलयेत पावणे?" बाबलीने विचारलं.

"व्हय. कायम भरलेल्यो," सुदेश म्हणाला. त्याही अवस्थेत त्याच्या आवाजात थोडा अभिमान आला.

"मगे तुम्ही दोघा खंय निजतास?"

बाबलीने सहज विचारलं होतं. सुदेशने रश्मीकडे पाहिलं. रश्मी बाबलीकडे पाहत होती, आपल्याला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारतोय अशी.

"पडवेत," ती हळूच म्हणाली. "सिलेंडर आणि तांदळाचे पोते, तेंच्या मधी. तीन वर्सा झाली." मग तिचा आवाज चढला. "माझी साडी बदलूक मी न्हाणयेत जातंय. माझो आरसो तीन नंबरात आसा, तो पावण्यांका इचारून बघूचो लागता. माका माझी खोली व्हयी! एक खोली!"

तळ्यावर शांतता पसरली. इतकी खरी शांतता सुदेशने त्या दिवसात पहिल्यांदा अनुभवली.

"म्हणजे बाबलीन बरोबर इचारल्यान," हरिश्चंद्र म्हणाले. "घर नायच तुमका." त्यांनी नारळ मागवला. सुदेशला उठवून तळ्याकडे तोंड करून उभं केलं आणि हात जोडून खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस माणसं गरजली.

"आज ह्या तोंडवळीच्या जोडप्यान आपला घर पावण्यांका दिल्यान, आणि आपण तळ्यार येवन पडली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या झिलाक बुद्धी दी, आणि ह्या बायेक तिची खोली मिळान दी. आणि खोली देवक नाय तर ह्याचा काय ता तूच बघ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी म्हटलं. सुदेशनेही म्हटलं. म्हणायला तर लागणारच होतं. नारळ फुटला. पलीकडे एक म्हैस तंबूवर निवांत बसली होती. तिला उठवायचा प्रयत्न तिघांनी केला आणि सोडून दिला.

ऊन उतरायच्या आत दोघं निघाली. गाडीत हौसाबाईने दिलेले दोन फणस, काजूगराची पिशवी आणि तांदळाची तळलेली बोरं होती. रस्ता रिकामा होता. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, शेजारी फक्त रश्मी. सुदेशने बराच वेळ धीर गोळा केला.

"एका खोलयेसाठी इतक्या लांब येवचा लागला? घराकडे सांगलं असतंस तर नाय म्हटलं असतंय?"

रश्मी खिडकीबाहेर पाहत होती. "ता नव्हताच सांगूचा."

सुदेशचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "मगे?"

"मागल्या दारी जागा आसा मां, थय पाचवी खोली बांधूया, असा सांगूचा व्हता. पावण्यांसाठी. तुम्ही कामान आधीच थकतास, म्हणान इचारूक भियत व्हतंय." ती थोडी थांबली. "पण त्या म्हाताऱ्यान इचारल्यान, आणि माझ्या तोंडातसून भलताच भायर पडला. माकाच ठावक नव्हता, माझ्या मनात ता आसा म्हणान."

सुदेशने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झाला?" रश्मीने विचारलं.

"जांभ्याचे चिरे येतले सोमवारी," तो बारीक आवाजात म्हणाला.

"कसले चिरे?"

"पाचव्या खोलयेचे. पावण्यांसाठीच. तुका न सांगता ठरवलेलंय. गवंडीय सांगान ठेवलेलो आसा."

रश्मीने त्याच्याकडे पाहिलं. रागावण्यासाठी तिने तोंड उघडलं, पण तिला राग सापडला नाही. तेवढ्यात रश्मीच्या मांडीवरचा फोन वाजला. पलीकडून पुण्याच्या कुणी बाई बोलत होत्या. मे महिन्यात मोठं कुटुंब यायचं होतं, पाच खोल्या हव्या होत्या. सुदेशने डोळे मिटून घेतले.

"आहेत ना, पाच आहेत," रश्मी पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या शुद्ध मराठीत म्हणाली. "पण मिळतील चारच हं. पाचवीत आम्ही राहतो."