लांब दांड्याची आकडी

जळणाची बर्चची लाकडं बुधवारी येऊन अंगणात पडली आणि शनिवारी दुपारच्या फेरीबोटीने उन्नी येणार होती. मधल्या दिवसांत आर्नफिनने त्या लाकडांना हात लावला नव्हता, कारण त्याला हात लावायची परवानगीच नव्हती. त्याच्या कमरेतला मणका उन्हाळ्यात एकदा सरकला होता आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की वाकायचं नाही. आर्नफिन हे घरी येईपर्यंत विसरला. त्याची बायको बोर्गहिल्ड मात्र विसरली नाही, आणि लाकडं येताच तिने ते बर्गन शहरात असलेल्या लेकीला फोन करून सांगितलं.

उन्नीने लगेच बापाला फोन लावला.

"बाबा, पुरे झालं आता. बर्गनला फ्लॅट घेऊ. गॅलरीत बसा, पेपर वाचा."

"मी काय म्हातारा झालोय?"

"हो."

बरीच वादावादी होऊन शेवटी सौदा ठरला. उन्नी येईपर्यंत सगळी लाकडं खोपीत रचलेली असली, तर फ्लॅटचा विषय कायमचा बंद. नसली, तर रविवारी दोघांनी निमूट गाडीत बसायचं आणि फ्लॅट बघायला जायचं.

"आणि वाकायचं नाही हं, बाबा!"

"नाही वाकत जा!" असं म्हणून आर्नफिनने फोन ठेवला आणि दुकानातून ती वस्तू मागवली. कमरेएवढा लांब दांडा आणि टोकाला पोपटाच्या चोचीसारखी पोलादी आकडी. ताठ उभं राहायचं, आकडी लाकडाच्या तोंडावर मारायची, ओढून वर घ्यायचं, दुसऱ्या हाताने धरायचं आणि ढकलगाडीत टाकायचं. सोबत मोठे ओंडके उचलायला दोघांनी धरायचा एक लोखंडी चिमटाही आला होता. जन्मभर फेरीबोटीचं इंजिन सांभाळलेल्या आर्नफिनला हत्यारांबद्दल फार आदर होता.

बोर्गहिल्ड फ्लॅटच्या बाजूने होती. खाली बेकरी, समोर वाचनालय, आणि पाय घसरायला बर्फ नाही. तिथल्या खिडक्यांचे पडदे तिने मनातल्या मनात शिवूनसुद्धा ठेवले होते. पण तिने नवऱ्याला अडवलं नाही. "कर हो," म्हणाली, "मी वॉफलचं पीठ कालवते."

शनिवारी सकाळी काम सुरू झालं, आणि काय सांगावं, आकडी खरोखरच कामाची निघाली. टक् करून मारली की लाकूड उचललं जाई, दांडा जरा खाली दाबला की सुटे. आर्नफिन शिट्टी वाजवायला लागला. गाडीमागून गाडी वर खोपीत गेली. ढीग निम्मा झाला, मग पाव झाला. इतकं सुरळीत चाललेलं पाहून खरं तर त्याला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ढिगाच्या तळाशी एल्मच्या झाडाचा ओंडका होता. तो त्याने विकत घेतलेला नव्हता. शेजारच्या तोर्गाइरने रस्त्याकडेचं झाड तोडलं तेव्हा त्याने मोठ्या मनाने तो आर्नफिनच्या अंगणात आणून टाकला होता. एल्मचं लाकूड म्हणजे आतून पीळ घातलेला काथ्या. ते फुटत नाही, चिरत नाही, आणि एकदा तोंडात काही धरलं की सोडत नाही. फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरात शिरलेल्या खाडीकाठच्या त्या गावात हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होतं. आर्नफिनलाही ठाऊक होतं. पण ओंडका बरोबर गाडीच्या वाटेत होता, आणि हात रंगात आला होता. त्याने आकडी मारली.

ती रुतली. त्याने दांडा खाली दाबला, वर ओढला, डावीकडे पिरगाळला. मग ओंडक्यावर पाय देऊन जोर लावला, तेव्हा कमरेतून अशी कळ आली, की तो तसाच थोडा वेळ आकाशाकडे बघत उभा राहिला.

'आकडीभोवतीची भेग थोडी रुंद केली की सुटेल,' असा इंजिनवाल्याचा विचार करून त्याने पाचर आणली. पाचर घणाने ठोकली. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली आणि दिसेनाशी झाली. भेग होती तेवढीच राहिली. मग पाचर मोकळी करायला कुऱ्हाड घातली. कुऱ्हाडही बसली, ती बसलीच. आता ओंडक्यातून दोन दांडे वर आले होते, आणि आर्नफिनच्या हातात फक्त घण उरला होता.

"काय रे, बाग लावतोयस काय?" कुंपणापलीकडून तोर्गाइरने विचारलं.

"तुझाच आहे हा."

"माझा होता. दिला तुला. दिलेलं परत घेत नाही मी." तोर्गाइर कुंपण ओलांडून आत आला आणि त्याने ओंडक्याभोवती एक फेरी मारली. "एल्मला आकडी मारलीस? शुद्धीत होतास ना?"

"सुटत असेल तर सोडव, नाहीतर घरी जा."

तोर्गाइर घरी गेला, पण आपली पहार घेऊन परत आला. आर्नफिन "नको" म्हणेपर्यंत त्याने ती भेगेत खुपसली होती. दोघं मिळून पहारेला लोंबकळले. पहार वाकली नाही आणि निघाली नाही. तोर्गाइरच्या तोंडावरचं हसू मात्र उतरलं.

"माझ्या आज्याची पहार होती ती," तो खोल आवाजात म्हणाला.

त्याच वेळी फ्योर्डावरून फेरीबोटीचा भोंगा वाजला. आर्नफिनने ढिगाकडे पाहिलं. उरलेली चार लाकडं एका खेपेत गेली असती. पण अंगणाच्या मधोमध हे लोखंडाचं जनावर उभं असताना उन्नीला काय सांगायचं?

"खोपीमागे लपवू," तो म्हणाला. "चिमटा लावून उचलू. तू तिकडून, मी इकडून. गुडघ्यातून वाकायचं, कमरेतून नाही."

"वा! आता शिकवतोस!"

चिमट्याने ओंडका घट्ट पकडला. आर्नफिनला जरा बरं वाटलं. निदान एक हत्यार तरी आपलं काम करत होतं. दोघांनी कण्हत, शिव्या देत तो उचलला आणि ते खोपीकडे चढ चढायला लागले. अर्ध्या वाटेत कर्रर्र असा आवाज आला. चिमट्याने ओंडका नव्हे, ओंडक्याची साल पकडली होती. साल लांबच्या लांब सोलून हातात राहिली आणि ओंडका निघाला.

नुसता ओंडका असता तर बिचारा सरळ गेला असता. पण दांडे आणि पहार लागल्यामुळे तो कधी उडी मारे, कधी कोलांटी घेई, कधी दिशा बदले. दोघं म्हातारे साल धरून बघत राहिले. घराच्या भिंतीला लागून, पुढे आलेल्या छपराखाली गेल्या वर्षीची सुकी लाकडं रचलेली होती. आर्नफिनची ती रास बघायला वरच्या आळीतले लोक मुद्दाम थांबत. ओंडका तिच्या कोपऱ्याच्या खांबावर जाऊन आदळला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती अख्खी रास स्वयंपाकघराच्या दारासमोर येऊन बसली.

खिडकी उघडली. बोर्गहिल्डच्या हातात पीठ लागलेली पळी होती.

"आर्नफिन, दार उघडत नाहीये."

"हो. माहीत आहे."

"बाहेरून काही लागलंय का?"

"थोडी लाकडं."

बोर्गहिल्डने खिडकीतून वाकून खाली पाहिलं आणि पळी ओट्यावर ठेवून दिली. 

फाटकाशी उन्नीची गाडी थांबली. ती उतरली, तिने अंगण पाहिलं, दार पाहिलं, ओंडक्यात उभी असलेली हत्यारं पाहिली, आणि बापाच्या हातातली साल पाहिली. तिने एक शब्दही उच्चारण्याआधी आर्नफिन तिथेच मटकन बसला.

"घे तो फ्लॅट," तो म्हणाला. "आजच घे. मी हरलो, उन्नी. मला लाकूड नको, कुऱ्हाड नको, काही नको. भिंतीवर बटण असावं, ते दाबावं आणि ऊब यावी. बस."

आणि हे बोलताना त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. खरंच, बटण! पुढच्या हिवाळ्यात आपण गॅलरीच्या काचेआड बसलोय, पायांत लोकरी मोजे आहेत, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात लाकडं येऊन पडताहेत. त्याला जवळजवळ सुखच वाटलं.

उन्नीचे डोळे भरून आले. "बाबा, बटणाचा नाही घेणार मी तुमच्यासाठी. मला कळत नाही का, तुमचा जीव कशात आहे ते? मी खास शोधलाय. जुनी इमारत, चौथा मजला, आणि दिवाणखान्यात खरीखुरी लाकडाची शेगडी! सगळा फ्लॅट त्या एका शेगडीवर गरम होतो."

आर्नफिनने मान वर केली.

"लाकडं कुठे ठेवायची?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"तळघरात. कोरडं आहे अगदी."

"लिफ्ट?"

"लिफ्ट नाहीये. पण जिना रुंद आहे, बाबा. लाकडी कठडा आहे. सुंदर!"

तोर्गाइरने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"म्हणून म्हणतो," आर्नफिन घाईघाईने म्हणाला, "तो सोड. दुसरा बघू, बटणाचा. मी तयार आहे, बोर्गहिल्ड. ऐकतेस ना? मी तयार आहे!"

पण बोर्गहिल्ड आतून ढिगाकडे, त्यात अडकलेल्या पहारेकडे आणि नवऱ्याकडे पाळीपाळीने पाहत होती. तिचा चेहरा बदलत गेला. मनात शिवलेले पडदे ती बहुतेक एकेक करून उसवत होती.

"नको," ती शेवटी म्हणाली. "कुठलाच नको. याला मी ओळखते. बटणाचा फ्लॅट घेतला, तरी हा महिनाभरात शेगडी बसवून घेईल, आणि मग ओंडके घेऊन जिना चढेल. इथे निदान घरंगळले तर आपल्याच अंगणात घरंगळतात. खाली कुणी राहत नाही."

"अगं पण मी शेगडी बसवणार नाही!"

"बसवशील," ती म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली. वॉफल करपत होते.

 आर्नफिन उठला, दारापाशी गेला, आणि कुणी काही बोलायच्या आत कमरेत वाकून त्याने पहिलं लाकूड उचललं.