चौदा, दहा, छप्पन

आमच्या दवाखान्यातल्या नेटवर्कला मी असे नंबर दिलेत की ते साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणाच्या डोक्यात येणार नाहीत! हे मी आमचे व्यवस्थापक कमलाकांत साहेब यांना छाती फुगवून सांगितलं होतं. ते नुसतं "बरं" म्हणाले. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी धम्मदीप. अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्याकडे सर्व्हर दोनच, पण त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेले आणखी नऊ नांदतात. पेशंटच्या फायली मात्र शेजारच्या वेगळ्या पेटीत असतात. सर्व्हर केबलवरून पेटीला हाक मारतो, पेटी फाइल देते. या पद्धतीला आयस्कझी म्हणतात. एक रस्ता बंद पडला तरी काम अडू नये म्हणून रस्ते दोन ठेवायचे आणि दोन्हींवर नंबरांचे मोहल्ले, म्हणजे सबनेट, वेगळे. नंबर चार भागांचा असतो, त्यात सुरुवातीचा दहा बहुतेक सगळेच लावतात. त्यापुढे एका रस्त्यावर मी पेटीला दिला १४.१०.५६ आणि दुसऱ्यावर १४.४.९१. एक धम्मदीक्षेचा दिवस, दुसरा बाबासाहेबांच्या जन्माचा. आता हे नंबर मी कसे विसरेन?

मग अमरावतीची शाखा जोडायचं ठरलं, फायलींची एक प्रत तिकडेही राहावी म्हणून. तिकडचं काम ज्योत्स्ना मॅडमकडे. आमचं फोनवर दोनदा बोलणं झालं आणि दोन्ही वेळा भांडण. त्यांनी माझ्या नंबरांचा तक्ता मागितला. मी म्हटलं, माझे नंबर कोणाशी भिडत नाहीत. त्या म्हणाल्या, माझेही नाहीत. तक्ता दोघांनीही पाठवला नाही आणि रविवारी मी अमरावतीची केबल जोडून मोकळा झालो.

सोमवारी सकाळी दहाला सगळे स्क्रीन गोठले. बाहेर मोतीबिंदूचे अकरा जण डोळ्यांत औषध घालून बाकांवर बसलेले. कोणाच्या डोळ्यात किती नंबरचं भिंग बसवायचं ते फायलीत, आणि फाइल उघडेना. ऑपरेशनचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच येतात. ते म्हणाले, अकरापर्यंत फायली आल्या नाहीत तर सगळ्यांना पुढच्या महिन्यात बोलवा.

मी केबल बदलल्या. सर्व्हर बंद करून चालू केले. उंदरांवर संशय घेतला. शेवटी कॅन्टीनच्या मिक्सरमुळे वीज कमी-जास्त होते असा आरोप केला, तेव्हापासून कॅन्टीनवाला मला न गाळलेला चहा देतो.

पहिल्या बाकावर अकोटच्या पार्बताबाई होत्या, सत्तरीच्या. त्यांनी माझा हात धरला.

"बाबू, माह्या डोयाचा नंबर हरपला म्हन्तेत. मले पाठ हाय. साडेएकवीस."

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. पाठांतरावर भिंग बसवत नाहीत, असं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं.

पार्बताबाई काकुळतीला आल्या. त्यांची लेक दर्यापूरला असते. तिच्याकडून परत निघाल्या की एसटीच्या पाटीवरचं 'अको' तेवढं त्यांना दिसतं. "अकोट समजून बसली मी, अन् उतरली अकोल्यात. तीनदा झालं. लोकं हासतेत बाबू. आता लेकीकडं जाचंच सोडलं मी."

मला फार वाईट वाटलं. आज यांचं ऑपरेशन व्हायलाच हवं, असं मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचा सर्व्हरही पाटी वाचून भलत्याच गावी उतरत नसेल ना? मी अमरावतीला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या पेटीचा नंबर काय हाय?"

"तुमाले काहून पाह्यजे?"

"सांगा न."

"चौदा, दहा, छप्पन."

मी माझा तक्ता पुन्हा एकदा पाहिला. मग म्हटलं, "माहाबी तोच हाय."

त्यांनी लगेच विचारलं, "अन् दुसऱ्या रस्त्यावर? चौदा, चार, एक्याण्णव?"

"हो."

त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि खरं सांगतो, अकरा पेशंट बाहेर बसलेले असताना मला ते आणखी थोडं ऐकावंसं वाटलं.

आमचा सर्व्हर बरोबर नंबरवर हाक मारत होता. ओ मात्र अमरावतीची पेटी देत होती आणि ही फाइल इथं राहत नाही म्हणून सांगत होती. मी अमरावतीची केबल उपटली. पावणेअकराला फायली उघडल्या. पार्बताबाईंच्या फायलीत आकडा होता साडेएकवीस. डॉक्टरांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि त्यांनाच पहिलं आत घेतलं.

आता नंबर बदलायचे कोणी? मी म्हटलं, मी बदलतो, छप्पन, एक्याण्णव तुमच्याकडेच राहू द्या. त्या म्हणाल्या, नाही, त्रास तुम्हाला झाला, मी बदलते. या वेळी भांडण उलट्या बाजूनं झालं. शनिवारी मी गुपचूप दोन्ही नंबर बदलले आणि रविवारी केबल जोडली. सगळं पुन्हा गोठलं. नशीब, दवाखाना बंद होता. लगेच फोन वाजला.

"तुमी नंबर बदलले का?" मॅडमनी विचारलं.

"हो. पहिला वीस, तीन, सत्तावीस." वीस मार्च, चवदार तळ्याचा दिवस.

त्या पुन्हा हसायला लागल्या. त्यांनी कोणता घेतला, हे मला विचारावंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पार्बताबाई डोळा दाखवायला आल्या. एसटीची पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून आल्या होत्या. मी त्यांना आमचा घोटाळा सांगितला. त्यांनी नव्या डोळ्यानं मला नीट न्याहाळलं.

"मंग येगयेगळ्या गाडीत काहून बसता? एकाच गाडीत बसा न दोघं."

तेव्हापासून दर रविवारी मी एसटीनं अमरावतीला जातो. नंबर आता आम्ही शेजारी बसून ठरवतो. काम फार किचकट आहे, असं कमलाकांत साहेबांना वाटतं. ते पहिल्याच रविवारी अर्ध्या तासात झालं, हे मात्र त्यांना कोणी सांगू नका.